कोलोन कॅथेड्रलचा मनोरा: ५३३ पायऱ्या चढण्याआधी, चढताना आणि उतरल्यावर

युरोपात आलोच आहोत तर एखाद्या जुन्या चर्चचा मनोरा चढून बघू, असं मनात असेल आणि कुठला ते ठरत नसेल, तर जर्मनीतलं कोलोन निवडा. सोयीचं कारण असं, की मुख्य रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथेड्रल समोरच उभं असतं. बस, ट्राम, नकाशा काही लागत नाही. फ्रँकफर्टहून जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो, त्यामुळे एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. या मनोऱ्याच्या पोटातून वर जाताना १३व्या शतकात सुरू होऊन १९व्या शतकात संपलेलं बांधकाम हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं. बहुतेक जण वरच्या देखाव्यासाठी धापा टाकत जातात, जाळीतून चार फोटो काढतात आणि ‘ठीक होतं’ म्हणत उतरतात. देखावा चांगलाच आहे, पण कोलोनचं सगळ्यात देखणं दृश्य म्हणजे हे कॅथेड्रल, आणि त्याच्या मनोऱ्यावर उभं राहिल्यावर तेवढं एकच दिसत नाही. म्हणून वर पोचण्याची घाई न करता, वाटेत काय काय आहे ते बघत चढायचं, या हिशेबाने पुढचं सगळं सांगतो.

चढायचं की नाही

हे घरी किंवा हॉटेलात बसून ठरवा. जिन्यात गेल्यावर विचार बदलणं अवघड जातं.

कॅथेड्रलला दोन मनोरे आहेत, दोन्ही १५७ मीटरचे. आपण चढतो तो दक्षिणेकडचा. बघण्याचा सज्जा सुमारे ९७ मीटरवर आहे, म्हणजे तीसेक मजल्यांची इमारत चढण्याइतकं. पायऱ्या ५३३. लिफ्ट नाही.

सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, आणि नुसत्या दमाचा प्रश्न असेल तर तो आहेच किरकोळ. फरक जागेचा आहे. गडावर दम लागला की बाजूच्या दगडावर बसता येतं, वारा लागतो, मागचे लोक पुढे निघून जातात. इथे दगडी गोल जिना आहे, अरुंद, दोन्ही बाजूंनी भिंती, उजेड मोजका. बसलात तर वाट अडते. त्यातून चढणारे आणि उतरणारे यांच्यासाठी जिना एकच आहे. त्यामुळे हृदयविकार, दमा, गुडघ्याचं दुखणं, चक्कर येणं यांपैकी काही असेल तर सरळ नको म्हणा. बंद जागेची भीती असणाऱ्यांनीही. ही भीती उंचीच्या भीतीपेक्षा इथे जास्त छळते, कारण उंची फक्त शेवटी येते आणि तिथे जाळी असते, पण बंद जागा पहिल्या पायरीपासून असते.

मुलं जर्मनीत नोकरीला आणि आई-बाबा महिनाभरासाठी आलेले, असं चित्र आता आपल्याकडे घरोघरी आहे. बाबांना ‘आम्ही काय म्हातारे झालो का’ म्हणायची सवय असते. त्यांना चढवण्याआधी पुण्या-मुंबईच्या घरी ते तीन-चार मजले न थांबता चढतात का, हे आठवा. चढत असतील तर इथेही सावकाश जमेल. नसेल तर त्यांच्यासाठीची सोय खाली सांगितली आहे, आणि ती दुय्यम मुळीच नाही.

चालणारी मुलं मजेत चढतात. कडेवरच्या बाळाला घेऊन चढू नका. बाबागाडी तर जिन्यात शिरणारच नाही.

दिवस आणि वेळ

मनोरा साधारणपणे सकाळी ९ ला उघडतो. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते: उन्हाळ्यात संध्याकाळी ६ च्या सुमारास, कडक हिवाळ्यात दुपारी ४ लाच. शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी. वेळा आणि दर दोन्ही बदलत असतात, म्हणून आदल्या रात्री कॅथेड्रलच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. वादळी वारा किंवा बर्फ असेल तर मनोरा अचानक बंदही ठेवतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला कोलोनचा कार्निव्हल असतो. तेव्हा अख्खं शहर रंगीबेरंगी वेषात रस्त्यावर असतं, स्टेशनपासून कॅथेड्रलपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. कार्निव्हल बघायचा तर जरूर या, पण त्याच दिवशी मनोऱ्याचा बेत धरू नका.

वेळेबद्दल माझा आग्रह एकच: उघडतानाच जा. पहिल्या तासात वरून उतरणारं जवळजवळ कुणी नसतं, त्यामुळे जिना एकेरी रस्त्यासारखा वापरता येतो. अकरानंतर सहलींच्या बस येतात आणि मग दर दहा-वीस पायऱ्यांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरात, जेव्हा कॅथेड्रलच्या बाजूच्या चौकात नाताळचा बाजार भरतो, तेव्हा तर हे पक्कं. सकाळच्या उजेडाचा आणखी एक फायदा पुढे घंटाघरापाशी कळेल.

हवा धुरकट असेल तर? तरीही जा. या मनोऱ्यातलं निम्म्याहून अधिक बघण्यासारखं आतच आहे. पाऊस मात्र टाळा. वरचा सज्जा उघड्यावर आहे आणि दगड ओले झाले की निसरडे होतात.

सामान, कपडे, बूट

मोठी बॅग किंवा ट्रॉली घेऊन येऊ नका. मोठं सामान कॅथेड्रलमध्येही नेऊ देत नाहीत आणि जिन्यात पाठीवरची फुगलेली सॅक म्हणजे समोरून येणाऱ्याच्या तोंडावर आपटणारी वस्तू. स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे, तिथे ठेवा. छोटी सॅक असेलच तर जिन्यात ती पोटावर अडकवा.

स्टेशनवरच स्वच्छतागृहही उरकून घ्या. पैसे द्यावे लागतात, सुटी नाणी जवळ असू द्या. एकदा जिना सुरू झाला की खाली परत येईपर्यंत काही नाही, आणि हे बऱ्याच जणांना दोनशेव्या पायरीवर आठवतं.

बूट पकड असलेले हवेत. शतकभराहून जास्त काळ लाखो पावलं पडून पायऱ्यांचे दगड मधोमध झिजलेत, गुळगुळीत झालेत. चपला आणि टाचांचे सँडल नकोत. साडी नेसून चढणं अशक्य नाही, पण गोल जिन्यात उतरताना निऱ्या पायात येतात आणि पायरी दिसत नाही, तेव्हा सलवार किंवा पँट बरी. लांब ओढणी, स्टोल गुंडाळून आत खोचा.

कपड्यांचं एक तंत्र सांभाळायला लागतं. चढताना घाम येतो, वर पोचल्यावर ऱ्हाइन नदीवरून येणारा वारा अंगाला झोंबतो. जून-जुलै असला तरी एक पातळ जर्किन कमरेला बांधून ठेवा. चढताना काढायचं, वर घालायचं. थंडीत कानटोपी हवीच.

पाण्याची लहान बाटली आणि खिशात दोन चिक्क्या किंवा खजूर एवढं पुरे. जिन्यात डबा उघडायला जागाही नाही.

तिकीट आणि पायथा

गोंधळ होतो तो इथे. कॅथेड्रलच्या मोठ्या दारातून आत जाऊन मनोऱ्याचा जिना शोधू नका. मनोऱ्याचं प्रवेशद्वार वेगळं आहे. मुख्य दर्शनी भागाकडे तोंड करून उभे राहिलात तर तुमच्या उजव्या हाताला दक्षिण मनोरा. त्याच्या पायथ्याशी खाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. चढायला आलो आणि आधी खाली उतरायचं, हे विचित्र वाटतं, पण वाट बरोबर आहे.

तिकीट काही युरोंचं असतं. विद्यार्थ्यांना सवलत मिळते, ओळखपत्र दाखवावं लागतं. कुटुंबासाठी एकत्र तिकीटही असतं, तेव्हा चौघांची चार तिकिटं काढण्याआधी विचारा. कॅथेड्रलचा खजिना बघायचा असेल तर दोन्हींचं जोडतिकीट आहे का, तेही तिथेच कळेल. थोडी रोख रक्कम जवळ ठेवणं जर्मनीत नेहमीच शहाणपणाचं.

तिकीट घेऊन पुढे जाताना थोडं थांबा. आपण मनोऱ्याच्या पायातून चाललेलो असतो. लोक इथे मोबाईल बघत पुढे सरकतात, पण या मनोऱ्याची किमया याच पायात आहे. कॅथेड्रलची कोनशिला १५ ऑगस्ट १२४८ ला बसली. मिलानहून ११६४ मध्ये आणलेल्या अस्थी, ज्या बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या मानल्या जातात, त्यांच्या दर्शनाला यात्रेकरूंची रीघ लागली होती आणि जुनं चर्च अपुरं पडायला लागलं होतं. नव्या चर्चचं पूर्वेकडचं टोक आधी बांधलं, मग पश्चिमेला हा दक्षिण मनोरा उठायला लागला. १६व्या शतकात पैसा आटला, श्रद्धेचे वारेही फिरले आणि काम थांबलं. मनोरा तेव्हा साठ मीटरच्या आत होता. माथ्यावरची लाकडी क्रेन तशीच राहिली आणि पुढची तीनशेहून अधिक वर्षं अर्धवट मनोऱ्यावरची ती क्रेन हीच कोलोनची ओळख होती. जुन्या चित्रांत ती दिसते.

१८४२ मध्ये प्रशियाच्या राजाच्या हस्ते पुन्हा कोनशिला बसली आणि १८८० मध्ये दोन्ही मनोरे पुरे झाले. ते जगातलं सगळ्यात उंच बांधकाम ठरलं. हा मान चार वर्षं टिकला, मग अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाने तो घेतला. म्हणजे मध्ययुगातल्या कारागिरांनी घातलेल्या पायावर, मधे शतकं गेल्यावर, उरलेले शंभर मीटर चढवले आणि पाया हलला नाही. आपण चालतो ती वाट त्याच पायातून काढली आहे.

जिना

आता खरी चढण. सुरुवातीला सगळे जोरात निघतात, विशेषतः तरुण पोरं. पहिल्या शंभर पायऱ्या मुद्दाम संथ चढा. नाकाने श्वास घेता येतोय तोवर वेग बरोबर आहे. तोंड उघडावं लागलं की थोडं हळू व्हा. सावकाश चढणाऱ्याला वरपर्यंत वीस ते तीस मिनिटं लागतात. वर-खाली आणि बघणं मिळून एक ते दीड तास हाताशी ठेवा.

गोल जिन्याची पायरी बाहेरच्या भिंतीकडे रुंद आणि मधल्या खांबाकडे निमुळती असते. चढणाऱ्याला निमुळत्या बाजूने जाता येतं, कारण चढताना पुढचा चवडा टेकला तरी भागतं. उतरणाऱ्याला पूर्ण पाऊल ठेवायला रुंद बाजू लागते. म्हणून समोरून कुणी येताना दिसलं की त्याला भिंतीकडची बाजू द्या आणि आपण आत सरका. सगळे हा नियम पाळतात असं नाही. तेव्हा पायरीवर स्थिर उभं राहून नजरेने विचारायचं आणि मग सरकायचं. ‘एन्टशुल्डिगुंग’ म्हणजे माफ करा, आणि ‘डांके’ म्हणजे आभार, एवढं जर्मन पुरतं. तेही नसेल तर हसून मान हलवली तरी चालतं.

गट असेल तर सगळ्यात हळू चढणारा पुढे ठेवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: उत्साही मंडळी पुढे पळतात आणि मावशी एकट्या मागे राहतात. जिन्यात हाका मारून उपयोग नाही, दोन वळणांपलीकडे आवाज विरतो. भेटायची जागा ठरवायचीच तर घंटाघर ठरवा.

दम लागला तर जिन्यातच न थांबता पुढची खिडकी किंवा कोनाडा येईपर्यंत रेटा. खिडक्या अरुंद आहेत, पण बाहेर डोकावलंत तर दगडी कोरीवकाम अगदी जवळून दिसतं. खालून काळ्या पुंजक्यासारखी दिसणारी पानं, फुलं, टोकं इथे स्वतंत्र उमटतात. काळेपणा दगडाचा मूळ रंग नाही. शतकभराचा कोळशाचा धूर, आगगाड्यांची काजळी आणि आम्लयुक्त पाऊस यांचा तो थर आहे. मधेच एखादा फिकट, ताजा दगड दिसेल, तो अलीकडे बदललेला. कॅथेड्रलच्या स्वतःच्या पाथरवटांची कार्यशाळा आहे आणि दुरुस्तीचं काम कायम चालू असतं. कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात परांची दिसणारच. फोटोत परांची आली म्हणून कुणी हिरमुसू नये, ती नसलेलं कोलोन कॅथेड्रल आज जिवंत असलेल्या कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

भिंतींवर मात्र दुसरंही काही दिसेल: नावं, बाण टोचलेले बदाम, तारखा, जगातल्या सगळ्या लिप्यांत. दगड काही देशोदेशीच्या प्रेमिकांच्या नावांसाठी आणलेला नाही. खिशातला पेन खिशातच राहू द्या.

घंटाघर

निम्मी वाट सरली की घंटाघर लागतं. बरेच जण ‘वरून येताना बघू’ म्हणून पुढे जातात. येताना पाय लटपटत असतात आणि कुणी बघत नाही. आताच आत वळा, श्वास बसू द्या आणि घंटांभोवती फिरा. सकाळी लवकर गेलात तर तिरप्या उन्हात इथला उजेड सुंदर असतो आणि गर्दी नसल्याने हवं तितकं थांबता येतं.

या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. सगळ्यात थोरली सेंट पीटरची, कोलोनकरांच्या बोलीत ‘डेके पिटर’, म्हणजे जाडा पीटर. वजन २४ टन, तोंडाचा व्यास सव्वातीन मीटरच्या जवळ. १९२३ मध्ये ओतली. बुखारेस्टच्या नव्या कॅथेड्रलसाठी २५ टनांची घंटा ओतली जाईपर्यंत जगातली सगळ्यात मोठी झुलणारी घंटा हीच होती.

झुलणारी म्हणजे काय, हे आपल्याला मुद्दाम समजून घ्यावं लागतं. आपल्या देवळात घंटा जागेवर राहते आणि आपण लोळी हलवतो. इथे अख्खी घंटा, चोवीस टनांची, पुढे-मागे झुलते आणि लोळी आतून आदळते. हे वजन टांगलेली चौकट निरखून बघा. ६ जानेवारी २०११ ला, तीन राजांच्या सणाच्या दिवशीच, घंटा वाजत असताना तिची लोळी तुटून खाली पडली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. मग नवी लोळी बसवली. एरवी ही घंटा मोठ्या सणांना आणि पोप किंवा इथल्या आर्चबिशपच्या निधनानंतर वाजते. तुमच्या भेटीत ती वाजण्याची शक्यता कमीच. बाकीच्या घंटा मात्र वाजू शकतात. वाजायला लागल्या तर कान झाका, मुलांचेही झाका, त्यात भित्रेपणा काही नाही.

पीटरच्या आधी इथे ‘कैसरग्लोके’ नावाची त्याहून वजनदार घंटा होती. १८७०-७१ च्या युद्धात फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून ती ओतली होती. पहिल्या महायुद्धात धातू कमी पडला तेव्हा, १९१८ मध्ये, तिलाच वितळवलं. तोफांची घंटा झाली आणि घंटा पुन्हा युद्धाच्या भट्टीत गेली. घंटा आणि लढाया यांचं हे नातं आपल्याकडेही आहे: १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची, वाईजवळच्या मेणवलीची, भीमाशंकरची घंटा बघितली असेल तर तो आकार इथे ओळखीचा वाटेल.

दोन घंटांकडे विशेष लक्ष द्या: प्रेट्सिओझा १४४८ ची आणि स्पेट्सिओझा १४४९ ची. म्हणजे मनोरा अर्धवट असतानाच त्या बसवल्या गेल्या आणि वर लाकडी क्रेन तशीच पडून असताना, कॅथेड्रल कधी पुरं होईल याची कुणालाच खात्री नसताना, त्या वाजत राहिल्या. जुनं बांधकाम साधारण याच उंचीपर्यंत आलं होतं. इथून वर जे चढाल ते १९व्या शतकातलं.

शेवटचा टप्पा

घंटाघरानंतर पुन्हा गोल जिना, आणि मग एकदम मोकळं होतं. मनोऱ्याचा चौकोनी भाग संपून अष्टकोनी भाग सुरू झालेला असतो आणि त्याच्या मधल्या उंच पोकळीत लोखंडी जिना उभा आहे. इथे खरी उंचीची परीक्षा. चारी बाजूंना उंच, उघड्या कमानी, मधून वारा, पायाखाली लोखंड. ज्यांना गरगरतं त्यांनी कठडा धरून नजर समोरच्या पायरीवर ठेवावी. नकोच वाटलं तर इथूनच मागे फिरा. खिडक्यांतून शहर दिसलेलं असतं, घंटा बघून झालेल्या असतात, काहीही वाया गेलेलं नसतं.

वर काय बघायचं

आधी वर बघा. लोक लगेच कठड्याकडे धावतात आणि डोक्यावरचं राहून जातं. सज्ज्याच्या वर मनोऱ्याचा निमुळता कळस आहे आणि तो भरीव नाही, दगडाच्या जाळीचा आहे. आतून आभाळ दिसतं. एवढ्या उंचीवर, वाऱ्यात, दगडाची जाळी कशाला? वजन कमी आणि वाऱ्याला वाट मोकळी. आणि देखणेपण, अर्थातच.

हा कळस १९व्या शतकातला असला तरी कल्पना जुनीच आहे. दर्शनी भागाचा मध्ययुगीन नकाशा, चर्मपत्रावर काढलेला, सुमारे चार मीटर उंचीचा, हरवला होता. १८१४ मध्ये त्याचा अर्धा भाग डार्मश्टाट शहरात सापडला आणि दोन वर्षांनी उरलेला पॅरिसमध्ये. त्या नकाशाबरहुकूम दर्शनी भाग पुरा केला. तो नकाशा खाली कॅथेड्रलमध्येच जपला आहे.

मग कठड्यापाशी जा. भक्कम जाळी आहे, पडण्याची भीती नाही, पण फोटोत जाळी येते. मोबाईलची लेन्स जाळीच्या भोकाला टेकवून धरा आणि मोबाईलची दोरी मनगटात अडकवा.

सज्जा मनोऱ्याभोवती फिरतो. पूर्वेला ऱ्हाइन आणि तिच्यावरचा होहेनत्सोलर्न पूल. दिवसभर त्यावरून गाड्या ये-जा करतात, लहान मुलांना इथून हलवणं कठीण जातं. पुलाच्या जाळीवर प्रेमिकांनी लटकवलेली हजारो कुलपं इथून दिसत नाहीत, ती पुलावरून चालत जाऊन बघायची. दक्षिणेला बघताना हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर डोंगरांची रांग दिसते, ते झीबनगेबिर्गे. त्यातल्या ड्राखनफेल्स डोंगराच्या खाणीतून मध्ययुगात या मनोऱ्याचा दगड निघाला आणि नदीच्या प्रवाहाबरोबर होड्यांतून इथे आला. खाण, नदी आणि मनोरा एका नजरेत येतात.

शहराकडे बघताना एक गोष्ट खटकेल: एवढं जुनं, रोमनांनी वसवलेलं शहर, आणि इमारती मात्र बहुतेक सपाट, साध्या, पन्नास-साठच्या दशकातल्या. ३० मे १९४२ च्या रात्री ब्रिटिशांनी सुमारे एक हजार विमानांनी कोलोनवर हल्ला केला. युद्ध संपेपर्यंत असे हल्ले होत राहिले आणि जुनं शहर जवळजवळ सगळं गेलं. कॅथेड्रलवरही बॉम्ब पडले, छताच्या कमानी कोसळल्या, पण मनोरे उभे राहिले.

उतरताना

उतरणं सोपं, असं समजू नका. दम लागत नाही, पण मांड्या थरथरतात आणि एकाच दिशेने गोल गोल फिरून डोकं गरगरतं. शंभरेक पायऱ्यांनंतर थांबा, डोळे एका जागी स्थिर करा, मग पुढे. गुडघे किंचित वाकवून उतरा, ताठ पायाने प्रत्येक पायरीवर आपटत उतरलात तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतील. भिंतीकडची बाजू तुमच्या हक्काची आहे, ती सोडू नका. मोबाईल खिशात.

त्या संध्याकाळी भरपूर चालण्याचा दुसरा बेत नको. रात्री झोपण्याआधी कोमट पाण्यात पाय बुडवून बसलात तर बरं वाटेल.

खाली आल्यावर

आता कॅथेड्रलच्या आत जा. चढण्याआधी जाऊ नका, कारण वरून आल्यावर आतल्या उंचीचा अंदाज वेगळाच लागतो. प्रार्थना चालू असेल तर पर्यटकांना फिरू देत नाहीत. ते मुख्यतः प्रार्थनेचं ठिकाण आहे, तेव्हा टोपी काढा, आवाज खाली ठेवा. वेदीमागे तीन राजांची सोन्याची पेटी आहे. दक्षिण बाजूला गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने २००७ मध्ये केलेली खिडकी बघा: ११,२६३ रंगीत काचेचे चौकोन, त्यात संत नाही, कथा नाही. तेव्हा त्यावरून वाद झाले. दुपारच्या उन्हात फरशीवर तिचे रंग पडतात तेव्हा वाद करावासा वाटत नाही.

भूक लागलेली असणारच. शाकाहारींनी इथल्या जुन्या बिअरगृहांत ‘हाल्वर हान’ मागवावं. नावाचा अर्थ अर्धा कोंबडा असला तरी ताटात राय धान्याचा पाव, चीज, मोहरी आणि कांदा येतो. ‘राइबेकुखेन’ म्हणजे किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत धिरडी, सफरचंदाच्या गराबरोबर. त्यात अंडं असतं, चालत नसेल तर आधी विचारा. इथली ‘क्योल्श’ बिअर छोट्या ग्लासात येते आणि ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो. पुरे झालं की ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची.

ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी

आई-बाबांना नदीपलीकडे पाठवा, आणि जमलं तर स्वतःही जा. होहेनत्सोलर्न पुलावरून चालत दहा-पंधरा मिनिटांत पलीकडचा काठ येतो. तिथे ‘क्योल्न ट्रायअँगल’ ही १०३ मीटर उंचीची काचेची इमारत आहे, वर लिफ्टने जाता येतं आणि गच्चीवरून नदी, पूल आणि पूर्ण कॅथेड्रल समोर दिसतं. कोलोनचा जो फोटो सगळीकडे बघितलेला असतो तो या काठावरचा. संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमाराला जावं. दोन्हीतलं एकच करायला वेळ असेल आणि देखावाच हवा असेल, तर मनोरा सोडून इथेच जा.

कॅथेड्रलच्या छतावर नेणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्याही असतात. आधी नोंदणी लागते. छताच्या आतला सांगाडा लाकडाचा नसून लोखंडाचा आहे, आयफेल टॉवरच्याही आधीचा. ज्यांना इमारती कशा उभ्या राहतात यात रस आहे त्यांनी मनोऱ्याऐवजी हे निवडलं तरी चालेल.

कोलोनला जाणं होणार नसेल तर

व्हिएन्नात सेंट श्टेफान कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. वर उघडा सज्जा नसून खिडक्यांची खोली आहे, त्यामुळे उंचीला घाबरणाऱ्यांना बरा. तिथल्याच उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि वीस टनांची पुमेरिन घंटा तिथे बघता येते. एकाच कुटुंबात चढणारे आणि न चढणारे दोन्ही असतील तर व्हिएन्नाच सोयीचं. फ्लॉरेन्सला घुमट चढण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण घुमटाच्या ४६३ पायऱ्यांसाठी वेळ ठरवून आगाऊ तिकीट काढावं लागतं आणि मोसमात ते लवकर संपतं. शेजारच्या जॉत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत आणि तिथून घुमट समोर दिसतो, जो घुमटावर चढून दिसत नाही. जर्मनीतल्याच उल्म शहराच्या चर्चला ७६८ पायऱ्या आहेत, मनोरा १६१ मीटरचा, आणि वरचा भाग इतका अरुंद की कोलोनचा जिना प्रशस्त वाटावा. तो दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतो, तेव्हा उल्मची गाडी पकडण्याआधी कुठपर्यंत सोडतात ते बघून घ्या. कोलोन आधी चढला असाल आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या नसतील तरच उल्मच्या वाटेला जा.